घडा, कुंभार आणि गाढव : संगणकरचनेवरचे प्रबंध वाचताना

मंडळी, इंजिनिअरिंगच्या पीएचडी प्रबंधांवर तत्त्वज्ञानाच्या माणसाने बोलावं कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. त्याला एक सरकारी उत्तर आहे. २०१९ च्या डिसेंबरात यूजीसीने पीएचडी करणाऱ्या प्रत्येकाला संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्याच्या तीस तासांतले पहिले तीन तास तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्राचे. हे तीन तास घ्यायला आमच्यासारखी निवृत्त माणसं स्वस्तात मिळतात. (हशा) त्या निमित्ताने इलेक्ट्रिकलची, इलेक्ट्रॉनिक्सची, कॉम्प्युटरची मुलं भेटत गेली आणि तास संपल्यावर आपापले प्रबंध वाचायला आणून देऊ लागली. मी ते वाचले. सगळी समीकरणं कळली असा माझा दावा नाही. पण युक्तिवाद कुठे सुरू होतो आणि कुठे तुटतो एवढं पाहण्यात माझं आयुष्य गेलंय, आणि ते इथेही दिसतं.

दिसलं ते असं. पहिल्या प्रकरणात सांगितलेलं असतं की वेग वाढवायला हवा, वीज कमी खायला हवी. दुसऱ्यात आधी कोणी काय केलं याची लांबलचक जंत्री. तिसऱ्यात 'प्रस्तावित रचना', म्हणजे चौकोन आणि बाण. चौथ्यात एक तक्ता, ज्यात शेवटचा स्तंभ आपला आणि प्रत्येक ओळीत तोच सरस. पाचव्यात निष्कर्ष. आपल्या न्यायशास्त्राच्या भाषेत, प्रतिज्ञा आहे, निगमन आहे, मधला हेतू नाही. 'पर्वतावर अग्नी आहे' हे सांगितलं, शेवटी 'म्हणून पर्वतावर अग्नी आहे' हेही सांगितलं. धूर कुणी दाखवलाच नाही.

नैयायिकांचा एक फार जुना दृष्टांत आहे. घडा कशामुळे झाला? माती, चाक, दंड, कुंभार ही कारणं. पण माती ज्या गाढवाच्या पाठीवरून आली ते गाढव? तेही घडा होण्याआधी तिथे हजर होतंच की. नैयायिक म्हणतात, हजर होतं म्हणून ते कारण ठरत नाही. माती बैलगाडीतून आली असती तरी घडा झालाच असता. अशा घटकाला ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. आता प्रबंधातला तक्ता पुन्हा बघा. वेग दुप्पट झाला, ठीक. पण तो तुमच्या रचनेमुळे झाला, की तुलनेतली जुनी मंडळी पाच वर्षांपूर्वीच्या चिपवर होती आणि तुम्ही नव्या चिपवर, म्हणून झाला? नवी चिप हे गाढव आहे. ते काढून बघितलंय का? बहुतेक वेळा नसतं बघितलेलं. मुलं खोटं बोलत नाहीत हो. त्यांना हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो, कारण मार्गदर्शकालाही तो कोणी विचारलेला नव्हता.

आणि हे फक्त प्रबंधांतच होतं असं नाही. पुण्याने आपल्या यंत्रांची जी गोष्ट स्वतःला सांगितली, ती याच साच्यातली आहे. 'परम' घ्या. अमेरिकेने क्रे कंपनीचे महासंगणक आपल्याला देण्यात अडथळे आणले, मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झालं, विजय भटकर प्रमुख झाले आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. भटकर मुळात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे, आयआयटी दिल्लीचे पीएचडी. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. नकार, जिद्द, विजय. मग कोणीतरी खवचटपणे म्हणतो की परमच्या आतले प्रोसेसर तर इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते, मग स्वदेशी कसलं? आणि भांडण सुरू होतं.

माझं म्हणणं, हे भांडण गाढवावरून चाललंय. प्रोसेसर कुठून आला हा माती कशावरून आली याचाच प्रश्न झाला. खरा प्रश्न असा की क्रेची यंत्रं फार वेगवान, फार महाग अशा मोजक्या प्रोसेसरांवर चालत असताना, छोटे छोटे अनेक प्रोसेसर जोडून तेच काम करता येईल असं पुण्यातल्या या लोकांना का वाटलं? ट्रान्सप्यूटरला चार जोडण्या असत, म्हणजे चारच हात. प्रत्येकाला स्वतःची वेगळी स्मृती, आणि शेजाऱ्याशी बोलायचं तर निरोप पाठवायचा. चार हातांच्या चौसष्ट माणसांना कसं उभं करायचं, म्हणजे निरोपाला सगळ्यांत कमी वळणं पडतील? हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आज जगातली सगळ्यांत मोठी यंत्रं याच वाटेने, असंख्य प्रोसेसर जोडून, बनतात. म्हणजे परममध्ये अभिमान वाटावा अशी जी गोष्ट होती ती तिच्या वास्तुविचारात होती, आणि देशाभिमानाच्या गोष्टीने नेमकी तीच झाकून टाकली.

दुसरं यंत्र 'एका', तेही पुण्याचंच. टाटांच्या कम्प्यूटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने ते उभारलं. नोव्हेंबर २००७ च्या 'टॉप ५००' यादीत ते जगात चौथं आलं. वेग ११७.९ टेराफ्लॉप्स. वर्तमानपत्रांत चौथा क्रमांक आला, आशियात पहिला आला. ती यादी काढून बघा. उत्पादक एचपी, प्रोसेसर इंटेल झिऑन, जोडणी इन्फिनिबँड, गाभे किती, वेग किती. 'हे असं का जोडलं' यासाठी स्तंभच नाही. यादीचा त्यात दोष नाही, ती मोजमापाची यादी आहे. दोष आपला, की आपण तिलाच समीक्षा समजलो.

या प्रयोगशाळेशी नरेंद्र करमरकर हे नाव जोडलेलं होतं. करमरकर आयआयटी मुंबईचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर, मग कॅलटेक, मग बर्कलेत रिचर्ड कार्प यांच्याकडे पीएचडी. १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना त्यांनी रेषीय नियोजनाचा जो अल्गोरिदम दिला, त्याने त्यांना जगभर ओळख मिळाली. पण मला आज त्यांच्या दुसऱ्या, कमी वाचल्या गेलेल्या निबंधाबद्दल बोलायचंय. १९९१ च्या सुपरकम्प्यूटिंग परिषदेत त्यांनी सांत प्रक्षेपी भूमितीवर आधारलेली एक समांतर संगणकरचना मांडली. परमचंच वर्ष, बघा. हेतू असलेला प्रबंध कसा दिसतो ते दाखवायला मला याच्याइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

समजा एका कचेरीत सात कपाटं आहेत आणि सात कारकून. प्रत्येक कामाला दोन कागद लागतात, एक एका कपाटातला, दुसरा दुसऱ्या. कुठलीही दोन कपाटं असू शकतात. सोपा उपाय म्हणजे प्रत्येक कारकुनाला सातही कपाटांच्या किल्ल्या द्या. एकोणपन्नास किल्ल्या झाल्या. शिवाय एकाच कपाटापुढे चौघांची रांग लागणार ती वेगळीच. करमरकरांच्या पद्धतीने प्रत्येकाला तीनच किल्ल्या मिळतात. पहिल्याला १, २, ४. दुसऱ्याला २, ३, ५. तिसऱ्याला ३, ४, ६. चौथ्याला ४, ५, ७. पाचव्याला ५, ६, १. सहाव्याला ६, ७, २. सातव्याला ७, १, ३. एकवीस किल्ल्या. आता कुठलीही दोन कपाटं सांगा. तुम्ही सांगा... तीन आणि सात? सातवा कारकून. दोन आणि सहा? सहावा. एक आणि सहा? पाचवा. कुठल्याही दोन कपाटांसाठी एक, आणि एकच, कारकून. घरी कागदावर मांडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

कारण काय? कपाटं म्हणजे बिंदू, कारकून म्हणजे रेषा. दोन बिंदूंमधून एकच रेषा जाते, हे आपण शाळेत शिकलो. सातच बिंदूंच्या जगातही हे खरं करता येतं. त्या जगाला फानो प्रतल म्हणतात. म्हणजे 'हे काम कोणी करायचं' हा प्रश्न यंत्राने दरवेळी सोडवायचा नाही, तो भूमितीने आधीच सोडवून ठेवलाय. आणि रांग? पहिल्या घंटेला प्रत्येकाने आपल्या यादीतलं पहिलं कपाट उघडायचं, दुसऱ्या घंटेला दुसरं. पहिली कपाटं सगळ्यांची वेगवेगळी, दुसरीही वेगवेगळी. कोणीच कोणाच्या पुढ्यात येत नाही. पुढच्या फेरीत पहिलं आणि तिसरं, मग दुसरं आणि तिसरं. तीन फेऱ्यांत एकवीस जोड्या, आणि सात कपाटांच्या जोड्या होतात तेवढ्याच. सातच्या जागी सत्तावन्न घेतली तर प्रत्येकाला आठ किल्ल्या पुरतात. सगळ्यांना सगळ्या दिल्या असत्या तर ३२४९ लागल्या असत्या, इथे ४५६.

याला मी हेतू म्हणतो. चिप बदला, कंपनी बदला, देश बदला, हे कारण तसंच राहतं. गाढव काढलं तरी घडा उभा.

आता मी याची फक्त आरती करणार नाही. निबंधावर घ्यायला आक्षेप आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. पहिला, कपाटांची संख्या मनासारखी घेता येत नाही. ७, १३, २१, ३१, ५७ अशा आकड्यांनाच प्रतलं मिळतात. प्रत्येकाला सात किल्ल्या देणारं ४३ कपाटांचं प्रतल अस्तित्वातच नाही. अकरा किल्ल्यांचं, १११ कपाटांचं आहे का, हे कॅनडात क्लेमेंट लॅम आणि सहकाऱ्यांनी १९८९ च्या सुमारास संगणकावर शोधून 'नाही' म्हणून निकाल दिला. आणि तो शोध पूर्ण करायला त्यांना क्रेचंच यंत्र वापरावं लागलं, ही आपली गंमत. बाजारात मात्र यंत्रं ६४, १२८ अशी मिळतात. दुसरा आक्षेप, भूमितीत सगळे बिंदू एकमेकांपासून सारखेच, पण खोलीत ठेवलेली कपाटं सारख्या अंतरावर नसतात. तारा लांबतात, एकमेकींना ओलांडतात, निरोपाला वेळ लागतो. तिसरा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. कागद सातही कपाटांत समान विखुरलेले असतील हे इथे गृहीत धरलेलं आहे. खऱ्या कचेरीत सगळे एकाच फायलीमागे लागतात.

पण बघा, हे आक्षेप घेता आले. भांडता आलं. प्रबंधातल्या त्या तक्त्याशी कसं भांडणार? 'माझा आकडा मोठा' यावर 'बरं' एवढंच म्हणता येतं. हेतू मांडला की तो खोडता येतो, आणि खोडता येतो म्हणून त्यातून पुढचा प्रबंध निघतो.

अलीकडचं एक उदाहरण थोडक्यात. २०१९ मध्ये आयआयटी मुंबईत माधव देसाई आणि सहकाऱ्यांचा 'अजित' हा मायक्रोप्रोसेसर जाहीर झाला. बातम्यांत पूर्ण भारतीय म्हणून कौतुक, आणि लगेच टवाळीही, कारण तो १८० नॅनोमीटरच्या जुन्या तंत्राने बनवला होता. कौतुक आणि टवाळी दोन्ही पुन्हा गाढवाचीच. त्यातला संशोधनाचा भाग असा होता की मंडल हाताने न रेखता अल्गोरिदमसारख्या भाषेत लिहायचं आणि त्यातून हार्डवेअरचं वर्णन आपोआप तयार करायचं. त्याची साधनं, 'आहिर' नावाची, तिथल्या विद्यार्थ्यांच्या संशोधनातून कित्येक वर्षं वाढत आलेली होती. नॅनोमीटर उद्या बदलतील, ती पद्धत चालूच राहू शकते. यावर मराठीत एक धड लेख माझ्या तरी वाचनात आला नाही.

तुम्ही म्हणाल, मुलांना कुठे वेळ आहे हेतू शोधायला, त्यांना पेपर छापायचा असतो. खरंय. इथेही पुण्याचा संबंध आहे. यूजीसीच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांची जी यादी होती, तिच्यातल्या विद्यापीठांनी सुचवलेल्या भागाची तपासणी भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी केली. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये ती आली. तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. पुढे २०२२ च्या नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढून टाकली. हे मला योग्य वाटतं, पण त्याने अर्धंच काम झालं. पेपर मोजणं थांबलं, तरी त्या जागी वाचणं सुरू झालंय का? परीक्षकाने प्रबंध घेतला आणि 'तुमची रचना तशीच ठेवून जुन्या चिपवर चालवली का? आणि रचना काढून नव्या चिपवर?' एवढे दोन प्रश्न विचारले, तर विद्यार्थ्याला सहा महिने जास्त लागतील. ते सहा महिने फेलोशिपमध्ये कुठून आणायचे हा प्रश्न मात्र माझ्या विषयाच्या बाहेरचा आहे आणि तो खरा आहे. पाच वर्षं होत आलेली, घरचे 'कधी संपणार' म्हणून विचारतायत, अशा मुलाला मी तोंडावर हे दोन प्रश्न विचारलेत आणि त्याचा चेहरा पाहिलाय. म्हणून ते पहिल्या वर्षी विचारायचे, व्हायवाच्या दिवशी नाही.

फळ्यावर ती सात कपाटं काढून ठेवलीयत, ज्यांना उतरवून घ्यायचीत त्यांनी घ्या. आता प्रश्न घेऊ.