तेवीस वर्षं आणि एक चेहरा

'इंटरस्टेलर'मध्ये (२०१४) अंतराळवीर कूपर पाण्याने भरलेल्या ग्रहावरून यानात परततो, तेव्हा त्याचे जेमतेम काही तास गेलेले असतात. पृथ्वीवर मात्र तेवीस वर्षं उलटलेली असतात. तो पडद्यासमोर बसतो आणि साठून राहिलेले मुलांचे निरोप एकामागून एक बघू लागतो. मुलगा डोळ्यांदेखत मोठा होतो, बाप होतो. मग मुलगी समोर येते. कूपर निघाला तेव्हा तो जेवढ्या वयाचा होता, तेवढीच आता ती आहे. या प्रसंगात बघण्यासारखं काय आहे? कूपर झालेल्या मॅथ्यू मॅकॉनहीचा चेहरा. तरीही त्या चित्रपटातल्या व्हीएफएक्सची, म्हणजे दृश्यपरिणामांची, खरी कमाई मी इथे मोजतो, कारण थोड्याच वेळापूर्वी आपण डोंगराएवढी लाट अंगावर येताना पाहिलेली असते. ती लाट खोटी वाटली असती, तर हे रडणंही खोटं वाटलं असतं.

आपल्याकडच्या परीक्षणांत शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक ठरलेलं वाक्य येतं: तांत्रिक बाजू भक्कम, पण कथा लंगडी. कौटुंबिक चित्रपटाबद्दल ते एक वेळ चालून जाईल. विज्ञानपटाबद्दल ते निरर्थक आहे. जे जगात नाही, त्याच्यावरच तिथली गोष्ट उभी असते. जयंत नारळीकरांनी १९७४ साली 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, तेव्हा जे डोळ्यांना दिसत नाही ते त्यांना शब्दांनी पटवायचं होतं. चित्रपटात ते काम चित्राकडे येतं. ते चित्र जमलं नाही, तर 'कथा चांगली होती' असं तरी कसं म्हणायचं? ती प्रेक्षकापर्यंत पोचलेलीच नसते.

'इंटरस्टेलर'च्या कृष्णविवराचीच गोष्ट घ्या. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी समीकरणं पुरवली आणि लंडनच्या 'डबल निगेटिव्ह'च्या मंडळींनी त्यांवरून नवी संगणकप्रणाली लिहिली. काही फ्रेम तयार व्हायला शंभर-शंभर तास लागले. पण त्याच समीकरणांनुसार भोवतीच्या तबकडीची आपल्याकडे फिरत येणारी बाजू झगझगीत आणि दुसरी अंधारी दिसायला हवी होती. प्रेक्षक गोंधळेल म्हणून दिग्दर्शक नोलनने ते वगळलं. पुढे २०१९ मध्ये एम-८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली, तीत एक बाजू खरोखरच अधिक उजळ होती. तरीही नोलनचा निर्णय मला पटतो. त्या क्षणी प्रेक्षकाला यानातल्या माणसांची काळजी वाटायला हवी, अर्धी तबकडी काळी का, हा प्रश्न पडायला नको.

याहून नेमकं उदाहरण 'एक्स मशिना'चं. सुमारे दीड कोटी डॉलरचा हा छोटा चित्रपट. २०१६ च्या ऑस्करमध्ये त्याच्यासमोर 'स्टार वॉर्स: द फोर्स अवेकन्स', 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' आणि 'द मार्शन' असे धनाढ्य स्पर्धक होते. व्हीएफएक्सचा पुरस्कार या छोट्या चित्रपटाला मिळाला. त्यातली एव्हा ही यंत्रमानव. ती भूमिका करणाऱ्या अॅलिसिया व्हिकँडरचा चेहरा आणि हातांचे पंजे तसेच ठेवले. पोट, दंड, मान आणि डोक्याचा मागचा भाग पारदर्शक केला. आत धातूचा सांगाडा, मंद दिवे. ती वळली की आतलं यंत्रही वळतं. हे यंत्र आहे हे तिच्याशी बोलायला आलेल्या केलेबला एक क्षणही विसरता येत नाही, आणि तरी तो तिच्यात गुंततो. त्याला ती माणूस का वाटते, हाच तर चित्रपटाचा प्रश्न आहे. तो प्रश्न संवादांत नंतर येतो, तिच्या पारदर्शक पोटात आधीच दिसत असतो. पुढे ती कृत्रिम त्वचा अंगावर चढवते तेव्हा मला भीती वाटली, ती त्याआधी तासभर आतलं सगळं पाहिलं होतं म्हणूनच.

'अवतार'ची (२००९) कथा मला नेहमीच पातळ वाटली आहे. पण चाकाच्या खुर्चीला खिळलेला जेक नव्या शरीराने पहिल्यांदा धावतो आणि पायांची बोटं मातीत रुतवतो, त्या काही सेकंदांपुढे माझी तक्रार टिकत नाही. असे क्षण तीन तासांत फार थोडे आहेत, एवढंच. आपल्या 'रा.वन'ला (२०११) विशेष दृश्यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. मात्र बाप गेलेल्या पोराचं दुःख एका बाजूला आणि करामती दुसऱ्या बाजूला, असं ते दोन तुकड्यांत राहिलं.

उलटही घडतं. प्रभातच्या 'संत तुकाराम'मधलं (१९३६) वैकुंठाचं विमान आजच्या मुलांना कागदी वाटेल. पण ते वर जात असतं आणि आपलं लक्ष खाली राहिलेल्या तुकारामांच्या बायकोवर, आवलीवर असतं. ते विमान कशासाठी हवं आहे, हे दिग्दर्शक दामले-फत्तेलालांना पक्कं ठाऊक होतं.

ज्यांना हे ठाऊक नसतं, त्यांच्या अज्ञानाची किंमत दुसरेच मोजतात. कडा कापून आकृती वेगळी करायचं रोटोचं काम, तारा पुसायचं पेंटचं काम, यांतलं कितीतरी मुंबई, हैदराबाद, चेन्नईतली तरुण मुलं करतात. दिग्दर्शकाचं मन शेवटच्या महिन्यात बदललं की त्यांच्या रात्री जातात, आणि पुढे 'व्हीएफएक्स फसले' हा शिक्काही त्यांच्याच माथी बसतो. ठरलेल्या रकमेत न संपणारे बदल करून देण्याची ही पद्धत मोठ्या कंपन्यांनाही पेलत नाही. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ घडवणाऱ्या 'रिदम अँड ह्यूज'ने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच महिन्यात त्या वाघाला ऑस्कर मिळालं. सभागृहाबाहेर कलाकार निदर्शनं करत होते, आणि आत विजेत्याने कंपनीच्या अडचणीचा विषय काढताच संगीत वाजवून त्याचं भाषण थांबवलं गेलं.

म्हणून 'गॉडझिला मायनस वन' (२०२३) मला इतका महत्त्वाचा वाटतो. ताकाशी यामाझाकी त्याचे लेखक, दिग्दर्शक आणि व्हीएफएक्सप्रमुखही. ६१० शॉट, ते करणारे जेमतेम पस्तीस जण, सगळे एकाच कार्यालयात. काय हवंय हे विचारायचं तर मधे ना समुद्र होता ना दुभाषा. आत्मघाती हल्ल्यातून माघारी आलेला वैमानिक शिकिशिमा सुरुवातीलाच गॉडझिलासमोर विमानात बसतो, आणि त्याचं बोट बंदुकीच्या चापावर थिजतं. पुढे तो राक्षस टोकियोत शिरतो तेव्हा केवढा दिसतो! शिकिशिमाने तेव्हा गोळी झाडली नव्हती, हे आपल्याला आठवत असतं.