‘क्रिया’, ‘ऊर्जा’ आणि श्रद्धा : पदार्थविज्ञानाच्या परिभाषेचा एक विपर्यास

पनवेल तालुक्यातील ओवे आणि त्याला लागून असलेले खारघर या टापूत, डोंगराच्या कुशीत, पांडवकडा नावाचा धबधबा आहे. त्याची उंची सुमारे 107 मीटर सांगतात. वनवासात पांडव येथे येऊन गेले, अशी लोकश्रुती आहे आणि कड्याचे नावही तिच्यावरूनच पडले. याच धबधब्याकडे पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी निराळ्या दृष्टीने पाहतो. इतक्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्याची स्थितिज ऊर्जा सगळी उष्णतेत रूपांतरित झाली, तर त्याचे तपमान जेमतेम पाव अंश सेल्सिअसने वाढेल, असे गणित तो मांडतो. 1847 साली जेम्स ज्यूल विवाहानंतरच्या प्रवासातही तापमापक बाळगून आल्प्समधील एका धबधब्यापाशी असाच फरक मोजू पाहत होता, ही आठवण विल्यम टॉम्सन याने सांगितली आहे. पाणी तुषारांत विखुरत असल्यामुळे तो प्रयत्न साधला नाही. पांडवकड्यापाशीही तो साधण्याची आशा थोडीच, कारण तुषारांच्या बाष्पीभवनाने येणारा गारवा ती पाव अंशाची वाढ सहज गिळून टाकील.

लोकश्रुती आणि गणित ही एकाच कड्याची दोन वाचने होत. ती परस्परांस बाधक नाहीत, कारण दोहोंचे प्रश्नच भिन्न आहेत. वादाचे मूळ एका तिसऱ्या वाचनात आहे. ते दोन्ही वाचनांची भाषा उसनी घेते आणि दोहोंपैकी एकाचीही शिस्त पाळत नाही. ‘तीर्थात ऊर्जा असते’, ‘मंत्राची कंपने शरीरात शिरतात’, ‘कर्मफळ म्हणजे न्यूटनचा तिसरा नियम’ ही विधाने आज प्रवचनांत, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि घरगुती संभाषणांत इतक्या सहजतेने वावरतात, की त्यांचे परीक्षण करणे हा श्रद्धेचा अवमान वाटावा. वस्तुतः परीक्षण करावयाचे आहे ते श्रद्धेचे नव्हे, तर शब्दांचे.

तिसऱ्या नियमाचेच उदाहरण घ्यावे. न्यूटनने 1687 साली लॅटिनमध्ये जो शब्द योजला, त्याचा तेथील अर्थ एका वस्तूने दुसरीवर लावलेले बल, इतकाच आहे. मराठीत त्यासाठी ‘क्रिया’ हा शब्द रूढ झाला. पण मराठी भाषकाच्या कानात ‘क्रिया’ हा शब्द एकटा येत नाही. त्याच्यामागे कर्म, कर्ता, क्रियाकर्म, करणी असा सारा गोतावळा उभा असतो. त्यामुळे ‘प्रत्येक क्रियेस समान व विरुद्ध प्रतिक्रिया’ हे वाक्य ऐकताच ते ‘करावे तसे भरावे’ या म्हणीच्या शेजारी जाऊन बसते. नियमाचा आशय मात्र या म्हणीच्या जवळजवळ उलट आहे. नियमातील दोन बले दोन भिन्न वस्तूंवर लागतात. कर्मफळ करणाऱ्याकडेच परतते. ती बले एकाच क्षणी असतात. कर्मफळाला काळ लागतो, परंपरेच्या मते कधी जन्मही लागतात. शिवाय बलाला पापपुण्य नाही. भिंतीला धक्का देणारा चोर असो की गवंडी, भिंत दोघांनाही सारख्याच जोराने मागे ढकलते. शालेय पुस्तकांत अलीकडे ‘क्रिया बल’ असा जोडशब्द दिसतो. तो कानाला थोडा बोजड लागतो खरा, परंतु हा घोटाळा टाळण्याच्या दृष्टीने त्याचे स्वागतच केले पाहिजे.

‘ऊर्जा’ या शब्दाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. ‘ऊर्ज्’ हा वैदिक शब्द आहे. बळ, पोषण, अन्नरस हे त्याचे अर्थ, आणि कार्तिक महिन्याचे ‘ऊर्ज’ हे जुने नाव त्याच कुळातले. परिभाषाकारांनी या जुन्या शब्दाला नवा आणि काटेकोर अर्थ दिला. बलासाठी ‘बल’, कार्य करण्याच्या क्षमतेसाठी ‘ऊर्जा’ आणि कार्याच्या वेगासाठी ‘शक्ती’ अशी वाटणी झाली. व्यवहारात हे तिन्ही शब्द एकमेकांच्या घरी खुशाल जातात, आणि त्यात गैर काही नाही. डोईवर हंडा घेऊन सपाट रस्त्याने मैलभर चालणाऱ्या बाईने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काहीच ‘कार्य’ केले नाही, असे पुस्तक म्हणते. म्हणून कोणी तिचे श्रम नाकारीत नाही. नाकारू लागला, तर तो भाषेचा दोष नसून त्याच्या अकलेचा होय. मात्र व्यवहारातील सैल अर्थाला शास्त्रातील काटेकोर अर्थाची मोहोर लावून जेव्हा सिद्धान्त मांडला जातो, तेव्हा तर्कदृष्ट्या एकाच शब्दाच्या दोन अर्थांची अदलाबदल झालेली असते.

‘ऊर्जा नाश पावत नाही, म्हणून आत्माही अमर’ हा युक्तिवाद याच जातीचा. अक्षय्यतेचा नियम एकूण राशीविषयी बोलतो, व्यक्तीविषयी नाही. लाकूड जळाल्यावर त्याची ऊर्जा हवेत, भिंतींत, आकाशात पसरते. ‘ते लाकूड’ कोठेच उरत नाही. उष्णतागतिकीचा दुसरा नियम तर असे सांगतो, की हे पसरणे आपोआप उलटत नाही. आत्मा ही अशी ऊर्जा मानली, तर त्याचे वेगळेपण, त्याची स्मृती, त्याचे ऋणानुबंध हे सारेच विरून जाईल. आस्तिकाला जे टिकवायचे आहे, तेच या उपमेने हातचे जाते. श्रद्धेला विज्ञानाचा टेकू देऊ पाहणाऱ्यांनी तो टेकू पोकळ आहे की काय, हे आधी पाहिले असते तर बरे झाले असते.

मराठी विचारपरंपरेत याहून प्रामाणिक मार्ग दोघांनी दाखविले आहेत, आणि ते परस्परविरुद्ध आहेत हे विशेष. सावरकरांनी ‘मनुष्याचा देव आणि विश्वाचा देव’ या निबंधात विश्वाचे नियम माणसाच्या हिताहिताविषयी उदासीन आहेत, हे निःसंदिग्धपणे मांडले. याच जिल्ह्यातील गागोदे येथे जन्मलेल्या विनोबांनी विज्ञान आणि अध्यात्म यांचा योग इच्छिला. विज्ञानाला अहिंसेची जोड मिळाली तर सर्वोदय, हिंसेची मिळाली तर सर्वनाश, असे त्यांचे समीकरण होते. या समीकरणातील बेरजेचे चिन्ह हा अलंकार आहे, आणि विनोबांची भाषा तसे लपवीतही नाही. पदार्थविज्ञानाच्या नियमावरून अध्यात्म सिद्ध होते असा दावा त्या समीकरणात नाही. विज्ञान कोणत्या दिशेने वापरावे, एवढाच त्याचा प्रश्न आहे. सावरकरांची मांडणी कोरडी वाटेल, विनोबांची भाबडी वाटेल. पण शब्दांच्या अर्थांशी दोघांनीही लबाडी केलेली नाही.

हा प्रश्न केवळ कोशकारांचा असता, तर इतक्या चर्चेची आवश्यकता नव्हती. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंच्या संख्येने श्रीसदस्य भक्तिभावाने उन्हात बसले होते. उष्माघाताने 14 जण दगावल्याची नोंद झाली. त्या दिवशी तपमान सुमारे 38 अंश होते. हवा त्वचेहून उष्ण झाली, की शरीर हवेला उष्णता देऊ शकत नाही, उलट घेऊ लागते. मग घामाचे बाष्पीभवन एवढाच मार्ग उरतो. एक लिटर घाम पूर्णपणे सुकला, तर सुमारे 24 लक्ष ज्यूल उष्णता शरीराबाहेर जाते. परंतु किनारपट्टीच्या दमट हवेत तो सुकण्याऐवजी निथळतो, आणि निथळलेला घाम शरीराला थंड करीत नाही. त्यांची श्रद्धा उणी पडली असे म्हणणे क्रूरपणाचे होईल; श्रद्धेनेच त्यांचा घात केला असे म्हणणे उथळपणाचे. सकाळची कोणती वेळ निवडावी, माणशी किती पाणी ठेवावे, सावली कोठवर पोहोचते, हे प्रश्न पदार्थविज्ञानाचे होते आणि त्यांची उत्तरे आयोजनाने द्यावयाची होती. ‘सकारात्मक ऊर्जा’ या शब्दाचा जेथे सुकाळ आहे, त्या समाजात ज्यूलमध्ये मोजावयाच्या ऊर्जेचा हिशेब मात्र मांडला गेला नाही.

त्याच खारघरात टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेत कर्करोगावर प्रोटॉन किरणांनी उपचार होतात. किरणांची ऊर्जा अशी ठरविली जाते, की प्रोटॉन आपल्या मार्गाच्या अखेरीस, नेमके गाठीपाशी, तिचा मोठा भाग सोडतात आणि पलीकडील निरोगी ऊती बव्हंशी वाचतात. अशा कक्षाबाहेर बसलेला आप्त हातात जपमाळ धरून असेल, तर आतील भौतिकीतज्ज्ञाच्या आकडेमोडीत तिने काहीही बदल होत नाही. आणि त्या माळेचे मोल किती मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, असे त्याला कोणी विचारीतही नाही.