'रात्रीस खेळ चाले २' : आसक्ती आणि घरातील भय

मराठी दूरचित्रवाणीवरील भयमालिकांचा विचार करताना झी मराठीवरील 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचा दुसरा भाग (२०१९-२०) महत्त्वाचा ठरतो. २०१६ मधील पहिल्या भागाचा आरंभ अण्णा नाईकांच्या मृत्यूने झाला होता. दुसरा भाग त्यांच्या पूर्वायुष्याकडे वळतो. शेवट ठाऊक असल्याने 'पुढे काय' हे कुतूहल ओसरते आणि 'हे घडू कसे दिले गेले' हा प्रश्न उरतो.

पाटणकरांची पत्नी शेवंता (अपूर्वा नेमळेकर) हिच्याविषयीची अण्णांची (माधव अभ्यंकर) आसक्ती हा कथेचा गाभा आहे. ती फोफावते मात्र वाड्यातील धाकामुळे. माईंना (शकुंतला नरे) सारे दिसते, पण बोलण्याची सोय नाही. येथील खरे भय भुताचे नसून कर्त्या पुरुषाचे आहे. मुलुंड-बोरिवलीत स्थिरावलेल्या कोकणी कुटुंबांना ही मालवणी वळणाची बोली आणि हे घर परके नाही. त्यामुळे हे भय 'गावाकडचे' म्हणून झटकता येत नाही.

तथापि शेवंताच्या रूपावर कॅमेरा वारंवार रेंगाळल्याने दोष तिच्याकडे सरकतो आणि माईंचे सोसणे सद्गुण ठरते. ज्या धाकाचे दर्शन ही मालिका घडवते, त्यालाच ती अशा रीतीने अंशतः अभय देते, असे म्हणावे लागते.