नाव कराटे, हाती कुंग फू

२०१० चा 'द कराटे किड' बघितला नाही असा माणूस आपल्या वयात सापडणं अवघड. थिएटरात नसेल तर टीव्हीवर, हिंदीत, तेही अर्ध्यातून. जेडन स्मिथ जॅकेट काढतो, टांगतो, पाडतो, उचलतो, पुन्हा घालतो. जॅकी चॅन चॉपस्टिकनं माशी पकडेल असं वाटत असताना सरळ माशी मारायचं फडकं हाणतो. शेवटी मॅच, लंगडा पाय, एक अशक्य लाथ, टाळ्या. जवळजवळ १४० मिनिटांचा सिनेमा आहे. त्यात जॅकी चॅन पोराला कराटे किती शिकवतो? शून्य. तो शिकवतो कुंग फू, स्पर्धा कुंग फूची, गाव बीजिंग.

आमच्या मित्रांमध्ये यावरून नेहमी दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, "नावात काय ठेवलंय बे, पिक्चर भारी आहे ना?" दुसरी म्हणते, ही सरळसरळ फसवणूक आहे, उद्या कुणी कुस्तीवर सिनेमा काढून त्याला 'कबड्डी' म्हणेल. मी दुसऱ्या पार्टीत आहे, पण माझी तक्रार थोडी वेगळी आहे. नाव चुकलंय हे खरंच. पण कराटे आणि कुंग फू यांची अदलाबदल ही त्या नावातली सगळ्यात छोटी गडबड आहे.

आधी हे झालं कसं ते बघू. १९८४ चा मूळ 'द कराटे किड' लिहिला रॉबर्ट मार्क केमननं आणि दिग्दर्शित केला 'रॉकी'वाल्या जॉन जी. अॅविल्डसननं. निर्माता होता जेरी वाइनट्रॉब, आणि २०१० च्या निर्मात्यांमध्येही तो होताच. सोनीनं नव्या सिनेमाचं नाव बदलायचा विचार केला होता, तो त्यानं हाणून पाडला. सेटवरची मंडळी आपापसात 'कुंग फू किड'च म्हणत होती, असं जॅकी चॅननं स्वतः मुलाखतींत सांगितलंय. त्याला वाटत होतं की 'कराटे' फक्त अमेरिकेपुरतं राहील.

चीनमध्ये तो 'कुंग फूचं स्वप्न' अशा अर्थाच्या नावानं लागला. (तिथं दाखवताना चिनी पोरांच्या दादागिरीची दृश्यं छाटली गेली, हे वेगळंच.) खरी गंमत जपानमध्ये आहे. कराटेचा देश, पण तिथं १९८४ चा सिनेमासुद्धा 'बेस्ट किड' या नावानं आला होता, आणि २०१० चाही त्याच नावानं आला. म्हणजे ज्यांना कराटे आणि कुंग फू यांतला फरक घरबसल्या कळतो, त्या दोन्ही देशांत हे नाव चाललंच नाही. ते चाललं आपल्यासारख्यांकडे.

कारण आपल्याकडे 'कराटे' हे एका कलेचं नाव उरलेलंच नाही. झेरॉक्स, डालडा, कोलगेट यांच्या रांगेतला तो शब्द आहे. हातपाय हवेत फेकून 'हू हा' केलं की ते कराटे. आमच्या आधीची पिढी ब्रूस ली कराटे खेळतो म्हणायची, आणि तो बिचारा आयुष्यभर कुंग फू आणि स्वतःचं जीत कुन दो करत राहिला. मिथुनचा १९८३ चा 'कराटे' होताच. सोलापुरात शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी भरणाऱ्या क्लासला सगळे 'कराटे क्लास'च म्हणतात. आत तायक्वांदो चालतं की किक बॉक्सिंग, हे फी भरणाऱ्या बापाला माहीत नसतं आणि बेल्टचा रंग बदलत राहिला की तो विचारतही नाही.

पण हेच सोलापूरकर चादरीच्या बाबतीत किती काटेकोर असतात बघा! सोलापुरी चादरीला जीआय टॅग आहे. पानिपतहून आलेला माल 'सोलापुरी' म्हणून विकला जातो ही आपली जुनी, रास्त तक्रार. परगावच्या दुकानात कुणी तसली चादर पुढं केली की आपण ती उलटून बघतो, चिमटीत धरून बघतो आणि दुकानदाराला चार गोष्टी ऐकवतो. का? कारण त्या नावामागे पूर्व भागातली घरं आहेत, तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबं आहेत, बंद पडलेल्या गिरण्या आहेत. दुसऱ्यानं ते नाव लावलं की त्याच्या मालाची ऊब कमी होते असं नाही. पण त्यानं कमाई लाटली ती दुसऱ्याच्या नावाची.

तर कराटे या नावामागे कोण आहे? इथं गोष्ट गुंतागुंतीची होते, आणि 'फसवणूक' पार्टीतले माझे मित्र इथं थोडे अडचणीत येतात.

कराटे जपानचं म्हणतात, पण ते ओकिनावाचं. ओकिनावा म्हणजे र्‍युक्यू बेटांचं जुनं राज्य, चीनशी शतकानुशतकं व्यापार करणारं, १८७९ मध्ये जपाननं गिळलेलं. तिथली हातापायांची लढाई चिनी कलांच्या संगतीत वाढली, आणि तिचं नाव ज्या अक्षरांत लिहायचे त्याचा अर्थच होता 'चिनी हात'. विसाव्या शतकात जपानमध्ये राष्ट्रवादाचा ज्वर चढला तेव्हा हे 'चिनी' टोचायला लागलं. 'चिनी' साठीच्या अक्षराचा उच्चार 'कारा' असा करता येत होता, आणि 'रिकामा' या अर्थाच्या दुसऱ्या अक्षराचाही उच्चार 'कारा' होता. अक्षर बदललं, 'चिनी हात'चा 'रिकामा हात' झाला. १९३६ मध्ये नाहा शहरात ओकिनावाच्या उस्तादांची बैठक झाली, तिथं यावर शिक्कामोर्तब झालं. म्हणजे 'कराटे' हेच मुळात बदललेलं लेबल आहे. आम्ही कोडमध्ये करतो तसं: व्हेरिएबल तेच दिसतं, आतली व्हॅल्यू कुणीतरी गुपचूप बदललेली.

'कुंग फू' तरी कुठं नेमकं आहे? चिनी भाषेत त्याचा अर्थ कष्टानं, वेळ देऊन मिळवलेलं कौशल्य. स्वयंपाक्याकडेही कुंग फू असू शकतं. (आणि हो, "कुंग फू मूळचं आपलंच, बोधिधर्मानं नेलं" हा फॅमिली ग्रुपवरचा मेसेज मलाही आलाय. बोधिधर्माचा लढाईच्या कलेशी जोडलेला संबंध त्याच्यानंतर फार उशिरा लिहिलेल्या ग्रंथांत येतो, त्यामुळे इतिहासकार तो खरा मानत नाहीत.)

मग कराटे-कुंग फू एकाच कुळातले, वाद मिटला? नाही ना. कारण १९८४ च्या सिनेमात कराटे हा नुसता मारामारीचा प्रकार नव्हता. तो मियागी नावाच्या माणसाचा इतिहास होता.

केमन स्वतः ओकिनावाचं गोजू-र्‍यू कराटे शिकलेला. मियागी हे आडनाव त्या पंथाचे संस्थापक चोजुन मियागी यांच्यावरून घेतलेलं. सिनेमातला मियागी ओकिनावाहून अमेरिकेत आलेला, अपार्टमेंटची दुरुस्ती करणारा म्हातारा. मधे एक सीन आहे. तो जुना लष्करी गणवेश घालून दारू पीत बसलाय, बडबडतोय, आणि डॅनियलच्या हाती एक जुना कागद लागतो. त्यातून कळतं की मियागी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बाजूनं, जपानी वंशाच्या अमेरिकन सैनिकांच्या ४४२ व्या रेजिमेंटमध्ये लढत होता. त्याच वेळी त्याची बायको आणि नुकतं जन्मलेलं बाळ मांझानारच्या छावणीत मेले. ही छावणी अमेरिकेनंच उभारलेली. पर्ल हार्बरनंतर जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना अमेरिकेनं असं डांबलं होतं, त्यातले बहुतेक तिचेच नागरिक. म्हणजे पदक देणारं आणि काटेरी कुंपण घालणारं सरकार एकच. स्टुडिओला हा सीन कापायचा होता, गती मंदावते म्हणून. अॅविल्डसननं तो ठेवला. पॅट मोरिताला ऑस्करचं नामांकन मिळालं, त्यात या सीनचा वाटा मोठा.

आता २०१० कडे या. मिस्टर हानसुद्धा दुरुस्तीवाला, तोही एका रात्री दारू पिऊन बसलाय. त्याची बायको आणि मुलगा गेले ते कार अपघातात, गाडी तोच चालवत होता. दरवर्षी तो ती गाडी दुरुस्त करतो आणि त्याच दिवशी फोडून टाकतो. जॅकी चॅननं तो सीन असा केलाय की मी दर वेळी गप्प होतो. विनोदी लाथा मारणारा तो हाच का, असा प्रश्न पडतो. पण लिहिताना काय झालंय ते बघा. ज्या दुःखाला राष्ट्र जबाबदार होतं, त्या जागी एका माणसाची चूक आली. चीनमध्ये, चीनच्या सरकारी फिल्म कंपनीसोबत सिनेमा काढायचा, तर त्या वयाच्या चिनी माणसाच्या आयुष्यात इतिहासानं काय काय केलं असेल हे विचारायचंच नाही. मग हान कुठलाही हान होतो. त्याचं कुंग फू त्याच्या वडिलांकडून आलंय एवढं कळतं. वुडांगच्या डोंगरावर ढग सुंदर दिसतात.

माझ्या मते या सिनेमाचं नाव खोटं पडतं ते इथं. 'कराटे' हा शब्द राहिला आणि त्या शब्दानं ओढून आणलेलं सगळं मागे राहिलं. आपल्याकडे 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणतात. इथं हातात कथील नाही, चांदी आहे, आणि म्हणून वाईट वाटतं. डेट्रॉइटच्या कार कारखान्यातली काळी आई नोकरीसाठी बीजिंगला येते, ही कल्पना १९८४ च्या न्यू जर्सी ते कॅलिफोर्निया प्रवासापेक्षा जास्त धारदार होती. अमेरिकेतला कारखाना आटतोय, पोट चीनमध्ये भरतंय. पहिल्या पंधरा मिनिटांनंतर सिनेमा हे विसरून जातो, कारण त्याला जुन्या सिनेमाच्या पायऱ्या मोजायच्या असतात.

आणि त्या पायऱ्या तरी कुणाच्या? १९७८ मध्ये, म्हणजे डॅनियल आणि मियागीच्या सहा वर्षं आधी, युएन वू-पिंगच्या 'ड्रंकन मास्टर'मध्ये एक तापट म्हातारा एका पोराला उलटा टांगून इवल्याशा पेल्यांनी पाण्याचं पिंप भरायला लावतो. त्याच वर्षीच्या 'स्नेक इन द ईगल्स शॅडो'मध्ये कुंग फूच्या शाळेत झाडूपोछा करणारं, सगळ्यांचा मार खाणारं पोरगं एका भिकाऱ्याकडून विद्या शिकतं. दोन्ही सिनेमांतला तो पोरगा कोण? जॅकी चॅन. वायफळ दिसणाऱ्या कामातून शिकवण्याची ही रीत हाँगकाँगच्या सिनेमात तेव्हा सर्रास होती. म्हणजे २०१० मध्ये जॅकी चॅन आपल्याच तरुणपणीच्या सिनेमांच्या अमेरिकी आवृत्तीचा रिमेक करत होता, आणि नाव मात्र अमेरिकेचं लावायला लागलं. 'कुंग फू किड' म्हणाले असते तर निदान घरी आल्यासारखं वाटलं असतं.

आपल्याला हे अनोळखी नाही. नागराज मंजुळेंचा 'सैराट' (२०१६) आमच्या जिल्ह्यातला, करमाळ्याकडचा. मासे धरणाऱ्याचा पोरगा आणि पाटलाची पोरगी, म्हणजे जात कुठंतरी पार्श्वभूमीला आहे असं नव्हतं. जात हाच सिनेमा होता. हिंदीत २०१८ ला 'धडक' आला उदयपूरला जाऊन, आणि जात ओझरती, तोंडी लावण्यापुरती. निदान त्याचं नाव वेगळं होतं म्हणून मी समजूत घालून घेतली. मग २०२५ ला आला 'धडक २'. हा 'धडक'चा पुढचा भाग नाही. तो मारी सेल्वराजच्या तमिळ 'परियेरुम पेरुमाळ'चा (२०१८) रिमेक आहे. पहिल्या 'धडक'नं गाळलेली जात इथं समोरासमोर आहे, आणि पोस्टरवर नाव मात्र तिला गाळणाऱ्या सिनेमाचं. ज्यांनी तमिळ सिनेमा पाहिला नाही त्यांच्या डोक्यात हा 'जान्हवीवाल्या धडकचा दुसरा' म्हणूनच राहील. मूळ नाव कुणाच्या तोंडी येणार?

"नावात काय ठेवलंय" म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की मग ते नाव टिकवायला एवढी धडपड कशाला? फुकट काहीच नसतं. 'कराटे किड' हे नाव तर १९८४ मध्येही उसनं होतं. डीसी कॉमिक्सकडे त्या नावाचा सुपरहिरो आधीपासून होता, आणि सिनेमाच्या शेवटी त्यांच्या परवानगीबद्दल आभार मानलेले आहेत.

गेल्या वर्षी, ३० मे २०२५ ला, 'कराटे किड: लेजंड्स' आला तेव्हा या सगळ्या गाठी एकदाच सोडवायचा प्रयत्न झाला. सुरुवातीलाच १९८६ च्या दुसऱ्या भागातला मियागी दिसतो. त्याच्या पूर्वजाची ती गोष्ट जुन्या चाहत्यांना पाठ आहे: मासेमारी करता करता दारूच्या नशेत झोपलेला शिंपो मियागी वाहत चीनला पोचला आणि विद्या घेऊन परतला. तिचा धागा ओढून हान आणि मियागी घराणी जोडली. दोन फांद्या, एक झाड. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन ब्रँच मर्ज केल्या, कॉन्फ्लिक्ट न सोडवता. हिंदीत मिस्टर हानला आवाज अजय देवगणचा आणि शिष्याला त्याच्या मुलाचा, युगचा. तो शिष्य, ली फाँग, बीजिंगहून न्यूयॉर्कला गेलेला आणि कुंग फू आधीच येणारा. स्पर्धेसाठी त्याला कराटे शिकवायचं म्हणून हान थेट डॅनियलच्या दारात जातो. म्हणजे जॅकी चॅनचा पोरगा शेवटी खरोखर कराटे शिकतो. सिनेमा जेमतेम दीड तासाचा, त्यामुळे दोन-दोन गुरूंना मिळून त्या शिकवणीसाठी मिळतात फक्त काही घाईघाईचे मॉन्ताज.