बादली कुणी ठेवली? : ‘आउट ऑफ द डस्ट’विषयी

मुलांसाठी दुष्काळाची गोष्ट लिहायची तर लेखकापुढे एक सोपी वाट असते. सगळा दोष आभाळाला द्यायचा. कॅरेन हेस यांनी ‘आउट ऑफ द डस्ट’ (१९९७) या कादंबरीत ती वाट टाळली आहे, म्हणून आज तिच्याविषयी बोलू.

गोष्ट आहे १९३४-३५ची, ओक्लाहोमाच्या पॅनहँडल भागातली. अमेरिकेत महामंदी चालू आहे आणि इथे धुळीची वादळं. मुक्तछंदात बोलणारी बिली जो चौदा वर्षांची आहे आणि पियानो सुंदर वाजवते. वडील रॉकेलची बादली चुलीजवळ ठेवतात. आईला वाटतं, पाणीच आहे. भडका उडतो. घर वाचवायला बिली जो पेटती बादली दाराबाहेर फेकते, आणि नेमकी आई तिथेच असते. पुढे बाळंतपणात आई जाते, बाळही जातं. बिली जोचे हात भाजतात ते वेगळंच. आता बघा, शेजारच्या बायका कुजबुजतात ती पोरीनं बादली फेकली याबद्दल. ती तिथे ठेवली कुणी, याबद्दल अवाक्षर नाही.

याच पुस्तकात शाळेतल्या बाई मुलांना धुळीचं कारण सांगतात. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, म्हणून गवताळ रान नांगरलं. पुढे भाव पडले, तर कर्ज फेडायला आणखी नांगरलं. मग पाऊस गेला. माती धरून ठेवणारी मुळंच उरली नव्हती. म्हणजे इथेही दुष्टावा कुणाचा नाही, पण हात माणसाचेच. बादली आणि नांगर यांचं हे नातं हेस कुठेही बोलून दाखवत नाहीत. ते जुळवायचं काम मुलांवर सोडतात, आणि मला पुस्तकाचं खरं बळ तिथे दिसतं.

एक उणीव मात्र सांगायला हवी. बाईंचा हिशेब गव्हापासून सुरू होतो. त्याआधी हे रान कोमांची आणि कायोवा लोकांचं होतं, तिथवर धडा पोचत नाही.

शेवटी बिली जो मालगाडीतून पळून जाते आणि परत येते. वडिलांना माफ करते, स्वतःलाही. ही माफी गुळगुळीत वाटत नाही, कारण तोवर वडिलांनी तळं खणायला घेतलेलं असतं. थोडी जमीन पुन्हा गवताला सोडायचं ठरतं. चूक कबूल झाली हे आपल्याला शब्दांपेक्षा त्या कामातून कळतं.

तेव्हा हे पुस्तक मुलांच्या हाती द्याल, तर वाचून झाल्यावर एवढंच विचारा : बादली कुणी ठेवली होती? आणि त्यांना घाई करू नका.