‘गेले’ या क्रियापदाचा अर्थ : बालकांचा शोक आणि मराठी कथा-चित्रपट

मराठी बालवाङ्मयाची चर्चा करताना संस्कार, मनोरंजन आणि ज्ञान या तीन प्रयोजनांचा आपण नेहमी उल्लेख करतो. चौथे एक प्रयोजन मात्र सहसा विचारात घेतले जात नाही. घरात मृत्यू घडला असता त्या घरातील लहान मुलाला ती घटना समजून घेण्यास गोष्टीचा उपयोग होतो काय, आणि होत असल्यास कोणत्या गोष्टीचा, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात सुमारे चार ते दहा वर्षांच्या मुलांपुरता हा विचार केला असून सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील भाषाव्यवहार डोळ्यांसमोर ठेवला आहे.

या दोन जिल्ह्यांना अशा प्रसंगांची दुर्दैवाने ओळख आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेला कोयनानगरचा भूकंप, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे उलटलेली नौका, जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर आणि मिरगाव येथे कोसळलेल्या दरडी, आणि या साऱ्यांखेरीज २०२० व २०२१ या दोन वर्षांतील साथ. अशा प्रत्येक वेळी मागे राहिलेल्या मुलांच्या अन्नवस्त्राचा, निवाऱ्याचा आणि शाळेचा विचार कमीअधिक प्रमाणात होतो. त्यांना काय सांगावे आणि कोणत्या शब्दांत सांगावे, हा विचार ज्याचा त्याने आपल्या घरापुरता करावयाचा असतो.

१

प्रथम भाषेचा विचार करू. मृत्यूविषयी मराठीत शब्दांचे दारिद्र्य मुळीच नाही. माणूस वारतो, निवर्ततो, त्याला देवाज्ञा होते. तो कैलासवासी, वैकुंठवासी अथवा पैगंबरवासी होतो. सैनिक कामी येतो. आणि अलीकडे कराड-सांगलीकडे माणूस सर्रास ‘ऑफ’ होतो. हे सर्व शब्द प्रौढांच्या परस्परव्यवहारासाठी आहेत. ‘मरणे’ हे सरळ क्रियापद आपण जनावराविषयी, शत्रूविषयी अथवा शिवी देताना वापरतो. वडील माणसाच्या संदर्भात ते मुलाच्या तोंडून आले, तर त्याला तत्काळ गप्प केले जाते. परिणामी, मुलासाठी एकच शब्द उरतो, तो म्हणजे ‘गेले’.

हे क्रियापद प्रौढांना फसवीत नाही. ‘बाबा गावाला गेले’ आणि ‘बाबा गेले’ यांतील भेद स्थलवाचक पदाच्या अभावावर अवलंबून असतो आणि तो अभाव प्रौढ ऐकणारा बरोबर टिपतो. चार वर्षांच्या मुलाला तो टिपता येत नाही. कुठे गेले, एवढाच प्रश्न त्याला त्यातून सुचतो. शिवाय या भागात ‘जाणे’ हा कुटुंबजीवनाचा नित्याचाच भाग आहे. अपशिंगे (मिलिटरी) सारख्या गावांतील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत जात आले आहेत. खानापूर-आटपाडीकडील कितीतरी कुटुंबांतील माणसे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायासाठी दूरदूरच्या शहरांत राहतात. पाटण-जावळीकडील घरांतील कोणीतरी मुंबईस असतेच. ही सारी माणसे जातात आणि सुटीला, जत्रेला परत येतात. अशा घरातील मुलाने ‘गेले’ या शब्दावरून परतीची अपेक्षा केली, तर त्याची भाषिक समज चुकली असे म्हणता येणार नाही.

यात आणखी एका शिष्टाचाराची भर पडते. निरोप घेताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, असे आपण मुलांना शिकवितो. येथे एक घरगुती दाखला देण्याची मुभा असावी. प्रस्तुत लेखकाच्या धाकट्या बंधूचे निधन झाले, तेव्हा त्याची मुलगी साडेचार वर्षांची होती. ‘बाबा गावाला गेलेत’ असे तिला सांगण्याचे काम लेखकानेच केले. भाषाशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने ते वाक्य उच्चारावे, याचा खेद अद्याप आहे. चार महिन्यांनी ती एकदा आपण होऊन म्हणाली, ‘पण बाबा जाताना येतो म्हणालेच नाहीत.’ आम्ही सर्वांनी मिळून झाकलेली गोष्ट तिने आमच्याच भाषेच्या नियमावरून उकलली होती. आणि ते करताना ती एकटी होती.

मारिया नॉज या हंगेरियन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने बुडापेस्टमधील ३७८ मुलांच्या कल्पनांचा अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. पाच वर्षांच्या आतील मुले मृत्यूला प्रवास किंवा झोप समजतात, असे त्यात आढळले. पुढील संशोधकांनी वयाच्या मर्यादा पुष्कळ सैल केल्या. परंतु मृत्यू परत फिरत नाही, ही गोष्ट मुलाला सावकाश आणि प्रौढांच्या साह्याने उमगते, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. ‘गेले’, ‘झोपले’, ‘देवाघरी राहायला गेले’ हे आपले प्रयोग या उमगण्याच्या नेमके आड येतात. मुलाला काही काळ थांबविण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही.

यावरून एक कसोटी हाती लागते. जी कथा किंवा जो चित्रपट मुलाला मृत्यूविषयी बोलण्याजोगे वाक्य देतो, तो त्याच्या उपयोगाचा. जो केवळ सांत्वन करतो अथवा केवळ रडवितो, तो प्रौढांच्या उपयोगाचा.

२

या कसोटीने पाहता प्राणिकथेचे स्थान बरेच वरचे ठरते. त्याचे कारणही भाषिक आहे. बैल मेला, चिमणी मेली, असे मूल निःसंकोचपणे म्हणू शकते. त्याबद्दल त्याला कोणी दटावीत नाही. घरातील माणसासाठी निषिद्ध असलेले क्रियापद त्याला प्राण्याच्या कथेत मोकळेपणी उच्चारता येते आणि त्याचा अर्थ पडताळता येतो.

चिऊ-काऊची गोष्ट या दृष्टीने फिरून पाहण्यासारखी आहे. पावसात कावळ्याचे घर वाहून जाते. तो चिमणीच्या दाराशी येतो. आणि ती बाळाची कामे पुढे करून त्याला ताटकळत ठेवते. पुढचा भाग घरोघर निराळा सांगितला जातो. आपण ही गोष्ट जेवण भरविण्यासाठी सांगतो. परंतु २०१९ मध्ये ज्या मुलांनी सांगलीत आपले घर पाण्याखाली पाहिले, त्यांना ती केवळ करमणूक वाटली असेल, असे समजणे धाडसाचे होईल. पुढे हेच मूल संगम माहुलीला, वाईच्या घाटावर अथवा सांगलीत कृष्णेकाठी दहाव्या दिवशी दुसऱ्या एका कावळ्याची वाट पाहणारी मोठी माणसे पाहते. पिंडाला कावळा शिवला की नाही, याची चर्चा त्याच्या कानांवर येते. बालकथेतील काऊ आणि हा कावळा यांचा संबंध काय, हे त्याला कोणी सांगत नाही. ‘आपण आजोबांची आठवण म्हणून हा घास ठेवला, आजोबा मेले आहेत, ते आता जेवत नाहीत,’ असे एखादे वाक्य त्या वेळी पुरेसे होईल. विधीची श्रद्धा त्याने दुखावण्याचे कारण नाही.

चित्रपटांत मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’मध्ये (२००८) हेच काम अधिक गांभीर्याने झाले आहे. जखमी झालेला बैल विकावयाचा, परंतु शेजारच्या म्हाताऱ्या आजीवर मात्र उपचार करावयाचे, हा भेद का, असा त्या मुलाचा प्रश्न आहे. दिग्दर्शकाने त्याला खोटे उत्तर दिलेले नाही. बापाचे दारिद्र्य आणि मुलाचा हट्ट या दोहोंना तो न्याय देतो. बैलाबरोबर वाढणाऱ्या माण-खटावकडील मुलाला हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.

३

मराठीत मातृवियोगाचे नाव काढताच ‘श्यामची आई’ समोर येते. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी ते पुन्हा पडद्यावर आणले. गुरुजींचे काही शिक्षण आजच्या सातारा जिल्ह्यातील औंध येथे झाले असल्याने या भागाला त्यांच्याविषयी विशेष आपुलकी आहे. आई गेलेल्या मुलाच्या हाती हे पुस्तक देण्याची पद्धत कदाचित त्यातूनच दृढ झाली असावी.

या पद्धतीविषयी येथे नम्रपणे मतभेद नोंदवावयाचा आहे. पुस्तकाच्या थोरवीचा हा प्रश्न नाही. ते एका प्रौढ झालेल्या मुलाने आपल्या सोबत्यांना सांगितलेले स्मरण आहे, आणि त्या स्मरणाला पश्चात्तापाची धार आहे. आपण आईला दुखविले, तिचे ऐकले नाही आणि शेवटी वेळेवर पोहोचलोही नाही, ही खंत त्यात पुनःपुन्हा उमटते. प्रौढ वाचकाला ती पावन करते. परंतु सहासात वर्षांचे मूल मृत्यूचे कारण पुष्कळदा स्वतःच्याच वागण्यात शोधते. आपण हट्ट केला म्हणून आई गेली, असे त्याला खरोखरच वाटू शकते. अशा मुलाला नुकत्याच झालेल्या वियोगात हे पुस्तक दिल्यास, त्याच्या मनातील आरोपाला आपणच साक्ष पुरविल्यासारखे होईल. वर्षे लोटल्यावर, दहाबारा वर्षांच्या वयात, तेच पुस्तक त्याचा सोबती होईल.

परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) लहान मुलांसाठी अधिक जवळचा आहे. पंढरपूर सांगली जिल्ह्यापासून फार दूर नसल्याने त्यातील कार्तिकीची गर्दी आणि बोलणे या मुलांच्या कानांवरचे आहे. वडील मरण पावलेले आहेत, हे चित्रपट लपवीत नाही आणि त्याचा गाजावाजाही करीत नाही. वडिलांनी बनविलेली सायकल घरात आहे. तिच्यामुळे त्यांचा विषय रोज निघतो. मृत माणसाविषयी बोलण्यास मुलाला एक वस्तू मिळाली, की भूतकाळी क्रियापदे आपोआप जिभेवर येतात : ही सायकल बाबांनी केली, बाबा असे म्हणत. शोकाला भूतकाळाची सवय होणे ही मोठी गोष्ट आहे. मात्र एक उणीव सांगितली पाहिजे. आईचे ओझे मुलांनी उचलावे, हे येथे इतके गोड करून दाखविले आहे की, त्यातून मुलाने स्वतःच्या दुःखाला रजा द्यावी असा बोध निघण्याचा संभव आहे. बरोबर बसलेल्या मोठ्या माणसाने तो दुरुस्त करावा.

अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ याच सुमाराचा. बर्लिनच्या महोत्सवात २०१४ मध्ये बालपरीक्षकांनी त्याला पारितोषिक दिले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. वडील वारल्यानंतर आईची कोकणात बदली होते आणि अकरा वर्षांचा चिन्मय तिच्यावर रुसून असतो. मायलेक वडिलांविषयी फारसे बोलत नाहीत, आणि त्यांच्यातील अंतराचे मूळ त्या न बोलण्यात आहे, हे प्रेक्षकाला कळते. शोक हा रागाचे रूप घेऊन येतो, आणि आईसुद्धा दुःखी असते, या दोन गोष्टी या चित्रपटाइतक्या संयमाने क्वचितच सांगितल्या गेल्या असतील. तथापि त्याची गती संथ असून त्यातील आशय दृश्यांत दडलेला आहे. नवव्या-दहाव्या वर्षाच्या आत तो दाखविण्यात स्वारस्य नाही.

स्पष्ट बोलण्याने मूल घाबरेल, ही भीती आपल्याकडे फार आहे. तिचा विचार करताना अमेरिकेतील ‘सेसमी स्ट्रीट’ या बालकार्यक्रमाचे उदाहरण उपयोगी पडते. त्यातील दुकानदाराची भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. निर्मात्यांनी पात्र परगावी पाठविले नाही किंवा दुसरा नटही आणला नाही. जाणकारांचा सल्ला घेऊन नोव्हेंबर १९८३ च्या भागात मोठ्या माणसांनी ‘बिग बर्ड’ला सांगितले की, ते मेले आहेत आणि परत येणार नाहीत. तो चिडतो, पुन्हा विचारतो; मोठी माणसे डोळे पुसत तेच उत्तर देतात. आपल्या बालकार्यक्रमांनी घ्यावा असा हा धडा आहे.

४

कथेचा उपयोग औषधासारखा मात्रा ठरवून करता येत नाही. पहिल्या दिवसांत मुलाला जवळचे माणूस, नेहमीचे जेवण आणि खरे उत्तर यांची गरज असते. गोष्ट त्यानंतर येते. चित्रपट मुलाला एकटे बसवून दाखवू नये. मध्येच थांबविण्याची तयारी ठेवावी. आणि शेवटी तात्पर्य विचारू नये. मूल तीच गोष्ट दहा वेळा मागेल. त्या मागण्यातच त्याचे काम चाललेले असते.

कृष्णाकाठच्या बोलीत मुले मृत्यूविषयी प्रत्यक्ष कोणते शब्द वापरतात, याचे संकलन विभागातील अभ्यासकांनी हाती घ्यावे, अशी सूचना शेवटी करावीशी वाटते. त्यासाठी मुलांना खोदून विचारण्याची आवश्यकता नाही. त्यांच्या खेळांतून आणि त्यांनी सांगितलेल्या गोष्टींतून ते शब्द मिळतील. वर उल्लेखिलेल्या मुलीला आम्ही अखेर खरे सांगितले. ‘मग ते येतो कसे म्हणतील?’ एवढेच ती म्हणाली, आणि नंतर तिने चिऊ-काऊची गोष्ट मागितली. त्या रात्री ती सांगताना कावळ्याला दाराशी फार वेळ उभे ठेवले नाही.