पेरॉक्साईडचा ‘अवशेष उरत नाही’, म्हणजे नेमकं काय?

हायड्रोजन पेरॉक्साईडवरचे शेतीतले किंवा पशुपालनातले पेपर वाचायला घेतलेत, की प्रस्तावनेत एक वाक्य तुम्हाला वारंवार भेटेल. याचं विघटन होऊन पाणी आणि ऑक्सिजन उरतो, त्यामुळे हा सुरक्षित, अवशेषमुक्त उपाय आहे, अशा अर्थाचं. वाक्याचा पहिला अर्धा भाग रसायनशास्त्र आहे आणि तो बरोबर आहे. ‘त्यामुळे’ नंतरचा भाग मात्र लेखकाचा निष्कर्ष आहे. माझी तक्रार त्या ‘त्यामुळे’बद्दल आहे.

उदाहरणं मावळातलीच घेऊ. भुशी म्हटलं की लोकांना धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणारं पाणी आठवतं, पण याच तालुक्यात तळेगावच्या बाजूला पॉलिहाऊसमधला गुलाब आहे, आणि गावोगावी दुभती जनावरं आहेत. पेरॉक्साईडचा प्रश्न दोन्हीकडे येतो, आणि गंमत म्हणजे अगदी उलट बाजूंनी येतो.

आधी गुलाब. भुरीवर पेरॉक्साईड फवारून रोग कमी झाला, असं सांगणारा प्रयोग समोर आला तर सरळ ‘कंट्रोल’ काय होता ते बघा. कंट्रोल म्हणजे काहीच न फवारलेली झाडं असतील तर तो पेपर बाजूला ठेवला तरी चालेल. भुरीच्या बुरशीचे बीजाणू पानावरच्या मोकळ्या पाण्यात नीट रुजत नाहीत. नुसतं पाणी फवारलं तरी भुरी कमी होऊ शकते. मग तुम्ही मोजलंत ते पेरॉक्साईडचं काम की पाण्याचं? पाणी फवारलेली झाडं कंट्रोलमध्ये हवीतच. बोट्रायटिसच्या बाबतीत हेच उलटं होतं, कारण त्याला ओलावा मानवतो. म्हणजे एकाच फवारणीचे दोन रोगांवरचे निकाल एकाच मापाने वाचता येत नाहीत.

आणि अवशेषाचं काय? बाजारातली काही पेरॉक्साईड उत्पादनं चांदी घालून स्थिर केलेली असतात. चांदीचं विघटन होऊन पाणी होत नाही हो! पेरॲसिटिक ॲसिडच्या मिश्रणात ॲसिटिक ॲसिड असतंच. पेपरात प्रस्तावना शुद्ध पेरॉक्साईडची आणि प्रयोग बाटलीतल्या उत्पादनाचा, असं दिसलं तर ‘अवशेषमुक्त’ हा शब्द कोणत्या पदार्थाबद्दल आहे हे विचारायलाच हवं.

आता दूध. मला खरं बोलायचंय ते इथे.

भारतात दूध टिकवायला त्यात हायड्रोजन पेरॉक्साईड घालणं ही भेसळ आहे. एफएसएसएआयच्या २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुने तपासले गेले. भेसळ सापडली फक्त १२ नमुन्यांत, आणि त्यातल्या ६ मध्ये हायड्रोजन पेरॉक्साईड होतं. ‘दूध सुरक्षित आहे’ अशी बातमी यावरून झाली. त्या सर्वेक्षणात भेसळीपेक्षा मोठी काळजी अफ्लाटॉक्सिन एम१ ची होती, आणि ती पुढे आणली हे त्याचं श्रेय आहेच. पण पेरॉक्साईडचा आकडा वाचताना तुम्ही जरा थबका. युरिया दुधात घातला तर तपासणीपर्यंत तो बहुतांशी तिथेच असतो. पेरॉक्साईड मात्र घातल्या क्षणापासून संपायला लागतं. म्हणजे फुलांच्या बाबतीत जे कौतुक, तेच इथे भेसळ करणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. सहा नमुन्यांत सापडलं याचा अर्थ सहा नमुन्यांत तपासणीच्या वेळेपर्यंत ते शिल्लक होतं. किती नमुन्यांत घातलं होतं, हे त्यावरून कळत नाही.

हे संपतं कसं, ते समजून घ्या. कच्च्या दुधात कॅटालेज हे एन्झाइम असतं. दगडी झालेल्या कासेतल्या दुधात पांढऱ्या पेशी वाढतात आणि त्यांच्याबरोबर कॅटालेजही. दुधात वाढणारे बरेचसे जिवाणूही ते तयार करतात. निष्कर्ष काय निघतो बघा: दूध जितकं वाईट, तितका पुरावा लवकर पुसला जाणार. आणि पेरॉक्साईड घालण्याचा मोह वाईट दुधातच जास्त. हा योगायोगाने होणारा इकडचा-तिकडचा फरक नाही. ही एकाच दिशेला झुकलेली चूक आहे, आणि नमुने सहा हजारांचे साठ हजार केले तरी ती जाणार नाही.

चाचणीचीही एक मेख आहे. पॅरा-फेनिलीनडायअमीनची निळ्या रंगाची चाचणी दुधातल्या स्वतःच्या पेरॉक्सिडेजवर अवलंबून असते. भुशीच्या रस्त्यावरच्या टपरीतून उकळलेलं दूध आणून ती चाचणी केलीत तर रंग येणार नाही, कारण उकळल्यावर ते एन्झाइमच मेलेलं असतं. व्हॅनेडियम पेंटॉक्साईडच्या चाचणीला एन्झाइम लागत नाही, पण शिल्लक पेरॉक्साईड तिलाही लागतंच.

पेरॉक्साईड दुधात आलं की अनर्थच, असंही मात्र समजू नका. कोडेक्सची १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, जिथे शीतकरणाची सोय नाही तिथल्या कच्च्या दुधासाठी. लिटरला १४ मिलिग्रॅम सोडियम थायोसायनेट आणि नंतर ३० मिलिग्रॅम सोडियम परकार्बोनेट घालून दुधातली लॅक्टोपेरॉक्सिडेज यंत्रणा जागी करायची. ३० अंश सेल्सिअसला दूध ७ ते ८ तास टिकतं. पण तिथे मात्रा ठरलेली असते, जागा संकलन केंद्राची असते आणि काम प्रशिक्षित माणसाचं असतं. गवळ्याने अंदाजाने ओतलेलं झाकण आणि हे, रेणू एकच असला तरी दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमच्यापैकी कुणी मावळातल्या दुधावर प्रोजेक्ट करायचा विचार करत असेल, तर नमुने गोळा करण्याआधी आठवडाभर हे करा. शुद्ध, ताजं कच्चं दूध घ्या, एक गाईचं, एक म्हशीचं, एक दगडीच्या जनावराचं. माहीत असलेल्या तीन मात्रांमध्ये पेरॉक्साईड घाला. एक संच बर्फात, एक खोलीच्या तापमानात ठेवा आणि दर तासाला तपासा. कोणती चाचणी किती तासांनी नकारार्थी होते त्याचा आलेख काढा. भुशीहून पुणे साधारण ६५ किलोमीटर, पावसाळी शनिवार-रविवारी घाटमाथ्यावरच्या गर्दीत किती तास जातील ते तुम्हीच धरा. तो आकडा आलेखावर उभी रेघ मारून दाखवा. तुमच्या ‘नकारार्थी’ नमुन्यांपैकी किती त्या रेघेच्या उजवीकडे पडतात, हे व्हायवात परीक्षक विचारणारच आहेत.